गटाबाहेरचा सहावा सामना

रबियानं फळ्यावरचा ‘मंगळवार’ तळहातानंच पुसला. शाई हाताला लागली आणि फळ्यावर अक्षरांची निळी सावली उरली. बॉल बगलेत धरून ईशा दारात उभी होती.

“तेही गेले?”

“बस मिळत नाही म्हणे.”

“पंधरा किलोमीटरला?” ईशा आत आली. “ताई, बस मिळते. आपण नकोय त्यांना.”

रबिया खुर्चीत बसली. आखातातल्या या लहान कॉलेजच्या क्रीडा विभागात सामने ठरवण्याचं काम ती आठ वर्षं करत होती. ईशा दोन वर्षांच्या करारावर नागपूरहून आलेली, मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक. आज सोमवार होता. कुवेतला होणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे प्रवेश गुरुवारी दुपारी बंद होणार होते, आणि समितीचा नियम सरळ होता. आपल्या गटातले सामने मोजायचे नाहीत. गटाबाहेरच्या संघांशी सहा सामने खेळलेले हवेत, हरा किंवा जिंका. यांचे पाच झाले होते.

पाहुणा संघ :

पहिला फोन. हॉलची फरशी उखडलीय.
दुसरा. परीक्षा.
तिसरा. परीक्षा. (त्यांच्या परीक्षा गेल्या आठवड्यातच संपल्या होत्या.)
चौथा उचलला गेला नाही.
पाचवा. पुढच्या सत्रात नक्की, इन्शाल्ला.
सहावा. तुमची ती नऊ नंबर अजून खेळते का? खेळते, रबिया म्हणाली. अच्छा, पलीकडचा आवाज म्हणाला, कळवतो हां तुम्हाला.

“मागच्या वर्षी हरलो असतो ना,” ईशा बॉल जमिनीवर दाबून त्यावर बसली, “तर आज रांग लागली असती दारात. लहान कॉलेजनं जिंकू नये ताई. जिंकलं की कुणी तारीख देत नाही. आपल्याशी जिंकून त्यांना काय मिळणार? आणि हरले तर तोंड दाखवायला जागा नाही.”

“डीन काय म्हणाले ऐकलंस ना?”

“ऐकलं. स्पर्धा नाही तर पुढच्या वर्षीपासून संध्याकाळचा हॉल मुलग्यांना.” ईशा उठली. “मी रिदाला काय सांगू? शेवटचं वर्ष आहे तिचं. रोज विचारते, मॅम, सिक्स्थ कोण?”

“सांग, ठरतंय.”

“ठरतंय का?”

रबियानं सातवा नंबर लावला.

माहिरा हैदराबादची. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या विद्यापीठाच्या मुलींची कोच. तिनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“बाजी, बुधवार खाली है मेरा. साडेचार बजे लाती मैं लडकियों को. तुम्हारेच हॉल में.”

रबियाच्या हातातलं पेन थांबलं. “सच?”

“सच. लेकिन एक बात.” माहिरानं आवाज उतरवला. “वो तुम्हारी लंबी लडकी. पिछले साल अकेली चौंतीस पॉइंट मारी. मेरेकू ऑफिस में बुलाके पूछे, ये कौनसा कॉलेज है, हम तो नाम भी नहीं सुने. इस साल फिरसे हुआ तो मेरा कॉन्ट्रॅक्ट खलास. वो खेली तो मैं नहीं आती.”

“मैं उसको कैसे बोलूं, मत खेल?”

“वो तुम देखो. मैं बोली नहीं, तुम सुनी नहीं.”

वेळ : बुधवार, साडेचार.

पंच : दोन. दोघीही बायका. (अशा दोघीच होत्या. एक दंतवैद्य, दुसरी शाळेत शिकवायची. दोघी हो म्हणाल्या.)

चित्रण : होय / नाही

समितीच्या ऑनलाइन अर्जातल्या या ओळीपाशी रबिया थांबली. आधीच्या पाच अर्जांवर तिनं न वाचताच ‘नाही’ लावलं होतं. ‘नाही’ असेल तर दोन्ही पंचांच्या सह्या पुरत. ‘होय’ असेल तर सामन्याची पूर्ण चित्रफीत जोडावी लागे, नाहीतर सामना बाद. आणि एकदा पाठवलेला अर्ज बदलता येत नसे.

त्या ‘नाही’ला दोन वर्षं झाली होती. नऊ नंबरच्या हनियाचे वडील, बशीरभाई, रास लफानच्या गॅस कंपनीच्या बसमधून उतरून तसेच ऑफिसात आले होते, अंगावर निळा कामाचा पोशाख, हातात हेल्मेट. खुर्चीला डाग लागेल म्हणून अगदी कडेवर टेकले. दाभोळचे. रबिया हर्णैची निघाल्यावर जरा सैल झाले.

“पोर खेळते चांगली, मला कळतं,” ते म्हणाले होते. “पण माझ्या तीन गोष्टी आहेत गो. हॉलमध्ये पुरुष नको. फोटो नको, व्हिडिओ नको. आणि तू तिथं असली पाहिजेस.”

“असेन,” रबिया म्हणाली होती.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी दारावर बाई रखवालदार बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकीचा फोन टोपलीत ठेवून घ्यायची. पाहुण्या संघांना आधी ते चमत्कारिक वाटायचं, मग आवडायचं. बिनफोनच्या मुली एकमेकींशी बोलत बसायच्या.

आता ‘होय’ लावलं, तर कुणी कुणाला काही म्हणायची गरज नव्हती. हनियाला कुणी बसवणार नव्हतं. ती आपली आपणच बसेल. बशीरभाईंची अटही मोडणार नाही, उलट पाळली जाईल. रबियानं हे मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा ते जास्त गुळगुळीत वाटलं.

होय.

अर्ज पाठवून टाकला. मग माहिराला संदेश लिहिला : नऊ नंबर नहीं खेलेगी.
खोडला.
कॅमेरा रखना पड रहा है, इसलिए हनिया
खोडला.
बुधवार को कॅमेरा रहेगा.

उत्तर लगेच आलं. माहिराला दोन वर्षांपासून टोपली ठाऊक होती, आणि ती कुणासाठी तेही. शुक्रन, बाजी.

बशीरभाई कामावर होते. फोनमध्ये वारा आणि कसलीशी घरघर.

“समितीनं या वेळी चित्रण सक्तीचं केलंय,” रबिया म्हणाली.

“सक्तीचं?”

“हो.”

घरघर वाढली, मग कमी झाली. बहुधा ते आडोशाला गेले असावेत.

“नाहीच चालत त्याशिवाय?”

“नाही ना. म्हणून आधी कळवते. हनियाला त्या दिवशी बाकावर बसवू. काळजी करू नका.”

“तू सांगतेस म्हणजे असेलच तसं,” बशीरभाई म्हणाले. “बघतो.”

हनियाला तिनं सरावानंतर सांगितलं. हनिया बुटांची नाडी सोडत होती. सोडून झाल्यावर तिनं ती पुन्हा बांधली.

“इट्स ओके, आंटी,” ती म्हणाली. “सामना तर होतोय ना? रिदा खूश होईल.”

ईशा मात्र खूश नव्हती. ती रबियाच्या मागोमाग ऑफिसपर्यंत आली आणि दार लोटून घेतलं.

“पाच सामने नव्हता लागला कॅमेरा.”

“या वेळी लागतोय.”

“कुणी सांगितलं?”

“ईशा, हरलीस तरी सामना मोजला जातो. तू सराव घे.”

“मी हरण्याचा सराव घेत नाही, रबियाताई.” ‘ताई’ तिनं असं उच्चारलं, जणू पुढं ‘मॅडम’ म्हणायचं होतं.

बुधवारी चार वाजता रबियानं कॅमेऱ्याची तिवई स्वतः उभी केली. मधल्या रेषेच्या समोर, पायऱ्यांच्या वर. कॅमेऱ्याच्या छोट्या चौकोनात अख्खं मैदान बसतं का पाहिलं. बसत होतं. अल अझीझियाच्या शाळा सुटण्याच्या गर्दीत माहिराची बस अडकली होती, ती सव्वाचारला आली. मुलींनी हसत हसत टोपलीत फोन टाकले. माहिरानं आधी तिवईकडे पाहिलं, मग रबियाकडे, आणि मान हलकेच झुकवली.

रिदा कर्णधाराची पट्टी दंडावर चढवून फेऱ्या मारत होती. प्रत्येक फेरीत गुणलेखनाच्या टेबलाजवळून जाताना ती सहा बोटं दाखवायची.

कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं आणि हनिया बाहेर आली.

नेहमीचा नऊ नंबरचा शर्ट, त्याच्या आत मनगटापर्यंत काळ्या बाह्या, पायात घोट्यापर्यंत काळं. डोक्याला स्कार्फ, हनुवटीखाली घट्ट पिना. आजवर या हॉलमध्ये ती फक्त वेणीवर खेळली होती. ती धावत येऊन रांगेत लागली. पहिला सोपा बॉल तिनं चुकवला. उडी मारताना एक हात आपोआप हनुवटीकडे गेला होता. दुसऱ्या वेळी तिनं मैदानाची पलीकडची बाजू धरली, तिवईपासून जास्तीत जास्त लांबची, आणि तोही बॉल चुकला.

माहिरा टेबलापाशी आली. तिचा चेहरा हसराच होता, मुली बघत होत्या म्हणून.

“बाजी, ये क्या है?”

“मुझे मालूम नहीं था.”

“मेरेकू तुम कॅमेरा बोले.”

“कॅमेरा है.”

“पाँच मिनट. उसको बिठाओ, नहीं तो मैं लडकियों को बस में बिठाती.”

रबिया मैदानाच्या कडेनं निघाली. पंचांपैकी दंतवैद्य बाई घड्याळात पाहत होती. ईशा हाताची घडी घालून उभी होती. बाकावर बस, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दसुद्धा नव्हते. सामना होईल, मुली वीस-पंचवीस गुणांनी हरतील, चित्रफीत जाईल, सहा होतील. कुवेतला हनियाही येईलच. तिथं कॅमेरा असेल-नसेल, ते तिथलं तिथं.

हनिया बॉल घेऊन कोपऱ्यात थांबली होती. स्कार्फच्या कडेला घाम.

“तुला कुणी सांगितलं खेळायला?” रबियाचा आवाज तिला हवा होता त्याहून वर चढला.

“अब्बांनी.” हनियाला वाटलं, आंटी रागावल्यात ते आपण आधी कळवलं नाही म्हणून. “आज सकाळी. सॉरी आंटी. ते म्हणाले, रबियानं दोन वर्षं आपला शब्द पाळला. एकदा तिची अडचण आलीय. आपण नाही का एकदा तिच्यासाठी अट सोडायची.” मराठी वाक्य तिनं जसंच्या तसं आणलं होतं, जपून, सांडू न देता. मग खांदे उडवले. “ही स्वॅप्ड हिज शिफ्ट. बाहेर गाडीत बसलेत. आत येणार नाहीत.”

“तुला चालतंय?”

हनियानं तिवईकडे पाहायचं टाळलं. “आय विल गेट यूज्ड टु इट.”

रबिया उभी राहिली. माहिरानं एका मुलीला बॅग उचलायला सांगितल्याचं तिला डोळ्यांच्या कडेनं दिसलं. रिदा फेऱ्या मारायची थांबली होती. घड्याळात चार पस्तीस.

ती वळली. टेबलाकडे नाही, पायऱ्यांकडे. एक, दोन, तीन पायऱ्या चढून तिवईपाशी गेली. स्क्रू घट्ट बसला होता, तिनंच बसवला होता. दोन्ही हातांनी पिळावा लागला. कॅमेरा निघाला. तो तिनं रखवालदार बाईच्या टोपलीत नेऊन ठेवला, फोनांच्या वर, आणि टोपलीवर कापड ओढलं.

हॉलमध्ये बॉलचा आवाज बंद झाला होता.

माहिरा समोर आली. आता ती हसत नव्हती.

“व्हिडिओ नहीं भेजे तो?”

“तो ये मॅच किसी गिनती में नहीं.”

“तुम्हारी भी नहीं?”

“किसी की भी नहीं. मेरी, तुम्हारी. कागद पर आज कुछ हुआच नहीं.” रबियाला धाप लागली होती, तीन पायऱ्यांची. “जाना है तो जाओ.”

माहिरानं तिच्याकडे पाहिलं. मग मागं वळून आपल्या मुलींकडे. बॅग उचललेली मुलगी तशीच उभी होती, एका खांद्यावर बॅग, कुठं ठेवू न कळून.

“मेरे ऑफिसवाले पूछेंगे?”

“क्या पूछेंगे? हुआच नहीं.”

“हौ,” माहिरा म्हणाली. मग त्या मुलीला ओरडून, “बॅग काहेकू पकडी? रख नीचे. चलो, यल्ला!”

शेरा :

शिट्टी झाली तेव्हा हनियानं स्कार्फच्या पिना काढून ईशाच्या तळहातावर ठेवल्या. काळ्या बाह्या राहिल्याच, त्या उतरवायला वेळ नव्हता. माहिराच्या मुलींनी पहिल्या मिनिटापासून असा खेळ केला, जो मागच्या वर्षी त्यांनी केलाच नव्हता. मोकळा, आरडाओरड्याचा, चुकला तर हसण्याचा. माहिरा स्वतःच बाकावर उभी राहून टाळ्या पिटत होती, कधी कधी दोन्ही संघांसाठी. हनियावर तिघी तिघी धावून यायच्या आणि ती त्यांच्यामधून जायची, कधी जमायचं, कधी पडायची, उठायची.

ईशा टेबलापाशी येऊन वाकली. “लागणारच नव्हता ना तो?”

रबियानं गुणपत्रकावरून मान वर केली नाही. “नव्हता.”

ईशा सरळ झाली. मग मैदानाकडे तोंड करून ओरडली, “डावीकडे! डावीकडे मोकळी आहे ती!”

मध्यंतराला एकतीस-एकतीस. मुली फरशीवर आडव्या झाल्या होत्या, दोन्ही संघ एकमेकांत मिसळून, कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी. रिदा मात्र धावत टेबलाशी आली. तिचा श्वास लागला होता, केस कपाळाला चिकटले होते. कॅमेऱ्याचं काय झालं ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तिनं दोन्ही तळहात टेबलावर आपटले.

“मॅम! धिस इज सिक्स! झाले ना सहा?”

रबियानं बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली तिच्यापुढं धरली.

“आधी पाणी पी,” ती म्हणाली.