शेजारचं कोर्ट

नवऱ्याशी भांडलं तर माहेरी तरी जाता येतं, जोडीदारणीशी भांडून कुठे जाणार, असं तोफ नेहमी म्हणायची. तिला दोन्हींचा अनुभव होता, मला एकाचाच. सहा वर्षं आम्ही दोघी बॅडमिंटनची दुहेरी खेळत होतो. ती मागे उभी राहून शटल असं हाणायची की समोरच्या पोरी आधी अंग चोरायच्या आणि मग रॅकेट पुढे करायच्या, म्हणून तिचं नाव तोफ. मी पुढे, नेटजवळ. तिने फोडलेलं मी वेचायचं. पेपरात फोटो यायचा तो तिचा, आणि त्याच्या कडेला कुठेतरी माझं कोपर असायचं.

आदल्या दिवशी सरावात तिची टाच चमकली. सकाळी फिजिओबाईंनी टाचेवरची शीर चाचपली, पाय वर-खाली करून पाहिला आणि हात पुसत म्हणाल्या, "अर्धी फाटलीय. उरलेली अर्धी कोर्टवर फाडायची असेल, तर मला कशाला विचारताय?"

"पट्टी घट्ट बांधा," तोफ म्हणाली.

हिशेब अगदी सरळ होता, म्हणूनच तो जिवाला खात होता. दर चार वर्षांनी येणाऱ्या त्या मोठ्या स्पर्धेला देशाकडून एकच जोडी जाणार होती. वर्षभराचे गुण धरले तर आम्ही केसभर पुढे होतो. आमच्या पाठोपाठ होती माझी सख्खी धाकटी बहीण आणि तिची जोडीदारीण. गुण मोजायची ही शेवटची स्पर्धा. धाकटी पहिल्या फेरीत हरली, तर आम्ही नुसतं कोर्टवर उतरून हरलो तरी जागा आमची. ती जिंकली, तर आम्हालाही जिंकायलाच हवं. आणि उतरलोच नाही, तर सगळ्यावर पाणी. दोन्ही सामने एकाच वेळी, शेजारशेजारच्या कोर्टवर लावले होते. ज्याने लावले त्याला घरी बहीण नसावी.

धाकटी आणि मी अजून एकाच खोलीत झोपतो. त्या सकाळी एकाच आरशासमोर आळीपाळीने केस बांधले. "ताई, तुझा नॅपकिन नेऊ?" "ने." एवढंच बोलणं झालं. आई शिवणकाम करते, तिने दोघींच्या स्कर्टची सुटलेली शिवण रात्रीच घालून ठेवली होती. आम्ही निघालो तेव्हा ती सवयीने "दोघी जिंकून या" म्हणायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. मग म्हणाली, "पाण्याच्या बाटल्या घेतल्यात ना?"

मुळात जोडी आम्हा बहिणींचीच होती. आईने मागच्या दारी कपडे वाळत घालायची दोरी छातीएवढी खाली बांधली आणि आम्हाला तिच्या दोन बाजूंना उभं केलं, तिथून पुढे आम्ही कुठल्याकुठे गेलो. मग खेळ शिकवणारे मास्तर म्हणाले, "दोघीही बुटक्या. मागून मारणार कोण?" त्यांनी मला तोफेच्या पुढे उभं केलं आणि धाकटीला दुसरी मुलगी शोधून दिली. घरी आम्ही त्याला घटस्फोट म्हणायचो. धाकटीच हसत म्हणायची. ती खरंच हसायची का, ते मी कधी नीट पाहिलं नाही.

आत जाण्याआधी कोर्टकडे नेणाऱ्या बोगद्यात तोफेने माझं मनगट धरलं. "शेजारचा निकाल लागेपर्यंत मी उभी राहते. ती हरली की लगेच हात वर करू, सामना सोडला म्हणून सांगू."

"आणि ती जिंकली तर?"

"तर आपण जिंकू. दुसरं काय?"

"या पायावर?"

"माझ्या पोरीला मी गेली चार वर्षं सांगतेय, एवढी एक स्पर्धा झाली की घरी येते. ती आता सासूबाईंना आई म्हणते. मला नावाने हाक मारते, गल्लीतल्या बायका मारतात तशी. हेही हातचं गेलं तर मी इतकी वर्षं कुठे होते, ते तिला काय सांगू?"

मी तिच्या बुटाची नाडी परत बांधून दिली.

समोर दोन कोवळ्या पोरी होत्या, केसांना एकसारख्या पिवळ्या रिबिनी. पहिला गेम त्यांनी आमच्याकडून खेळणं काढून घ्यावं तसा घेतला. दुसऱ्यात मी कोर्टभर नाचायला सुरुवात केली. तोफेला एका जागी खुंटीसारखं उभं केलं आणि उरलेलं सगळं मी पाहीन म्हटलं. हाताच्या टप्प्यात आलेलं तेवढं ती मारत होती, आणि मारत होती तेव्हा अजूनही त्या पोरी दचकत होत्या. मधल्या वेळात मी जेवढ्या म्हणून खोड्या शिकले होते त्या सगळ्या बाहेर काढल्या. शटलचं पीस मोडलंय, बदला. इथे घाम सांडलाय, पुसा. नाडी सुटली. डोळ्यात काहीतरी गेलं. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं तेव्हा मी इतका निरागस चेहरा केला की मास्तरांनाही खोकला आला.

आणि सगळा वेळ एक डोळा शेजारी. धाकटीने पहिला गेम घेतला होता, दुसरा घालवला होता. तिसरा चालू होता, बरोबरीत. तिच्यासमोरच्या दोघी ताडमाड उंच, आणि धाकटी आपली सगळीकडे धावत होती. तिची बोटं चुकीच्या वेळी घट्ट होतात, ते मला इतक्या लांबूनही दिसत होतं. मी मनात म्हणत होते, चूक, धाकटे, चूक. नेटमध्ये घाल. पाय घसरू दे. लाज वाटायला हवी होती, पण माझ्या मागे एक बाई फाटलेल्या टाचेवर उभी होती आणि माझी सगळी लाज तिच्यापायीच खर्ची पडली होती. वर, दोन्ही कोर्टांच्या बरोबर मधोमध आई बसली होती. तोंडाला पदर नाही, हातात रुमाल नाही, नुसते हात मांडीखाली दाबून. टाळी वाजू नये म्हणून.

रिबिनवाल्यांच्या एव्हाना लक्षात आलं होतं. त्या तोफेच्या पुढ्यात आखूड टाकायला लागल्या. दर वेळी तिला एक पाऊल पुढे टाकावं लागायचं आणि ते पाऊल मागे न्यावं लागायचं. त्यांना दोष कशाला द्या, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मधल्या विश्रांतीत मास्तर एवढंच म्हणाले, "थोडं रेटा. शेजारी संपतच आलंय." तोफेने पाणी तोंडात घेतलं आणि गिळायचं विसरून तशीच बसली.

पुढची रॅली लांबली. दुहेरीत पुढे उभी असलेली कधी मागे वळून बघत नाही. बघितलं की शटल डोळ्यात बसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी सहा वर्षांत वळले नव्हते. पण मागून एक आवाज येत होता. ती दर वेळी पाय टेकला की बारीकसं कण्हत होती, आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ते कण्हणं दातांखाली चावत होती. मला राहवलं नाही. मी वळले.

ती एका पायावर उभी होती. दुसरा नुसता जमिनीला लावलेला. चेहरा घामाने भिजला होता असं मला आधी वाटलं. घाम तसा डोळ्यांतून येत नाही.

"बघतेस काय!" ती किंचाळली. "खेळ!"

शटल आमच्या दोघींच्या मध्ये पडलं. मी पंचांकडे गेले आणि हात वर केला.

"सामना सोडताय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तू कोण ठरवणारी?" तोफ मागून ओरडत होती. "पाय माझा आहे! निकाल लागायचाय अजून! पंच, ती काहीतरी बोलतेय, ऐकू नका तिचं!" पण जोडीतल्या एकीने सोडला की सामना संपतो. रिबिनवाल्या पोरी हात मिळवायला नेटशी आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा काही आनंद नव्हता. त्यांनी तोफेसाठी जाळीखालून टॉवेल सरकवला.

ती चालू शकत नव्हती. मास्तरांनी आणि मी तिला बगलेत धरून मागच्या बाजूला, दोन कोर्टांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत नेऊन बसवलं. फिजिओबाई बर्फाची पिशवी घेऊन धावत आल्या. मी तोफेचा पाय मांडीवर घेतला, त्यांनी बूट कापायला सुरुवात केली. तोफ माझ्याकडे बघत नव्हती. ती पलीकडे बघत होती.

अजून सगळं संपलं नव्हतं. आमचे पहिल्या फेरीचे गुण पदरात पडले होते. आता धाकटी हरली की जागा आमची. टाचेला तीन-चार महिने लागले असते, स्पर्धा त्याहून लांब होती. मी भराभर हे सगळं तोफेला सांगितलं. "आहे अजून," मी म्हटलं. "ऐकतेस ना? अजून आहे."

"गप्प बस आणि बघ," ती म्हणाली.

धाकटी वीस, समोरच्या एकोणीस. एक गुण आला की ती जिंकणार होती. आम्ही बसलो होतो तिथून तिच्या कोर्टाची मागची रेष सरळ माझ्या नजरेसमोर होती, टेबलाच्या कडेला डोळा लावून बघावं तशी. रॅली सुरू झाली. धाकटीची जोडीदारीण नेटवर, धाकटी मागे. समोरच्या उंच मुलीने अंगातला सगळा जोर लावून शटल उंच, खोल पाठवलं. ते धाकटीच्या डोक्यावरून मागे जायला लागलं. ती उलट्या पावलांनी त्याच्याखाली गेली, रॅकेट वर घेतलं, अंग मागे ताणलं.

माझ्या बहिणीला लहानपणापासून एक खोड आहे. समोर येईल ते मारायचं. बाहेर जाणारं शटल सोडून द्यायचं तिला कधी जमलंच नाही. त्यासाठी मी असायचे.

"सोड!" मी ओरडले.

मी विचार केला नाही. करायला वेळ होता की नव्हता, ते मला माहीत नाही. नंतर कितीतरी वेळा मी तो क्षण परत परत लांबवून बघितला, पण त्यात विचार कुठे सापडत नाही. गळ्यातून ते निघालं, आणि हॉलमध्ये नेमकी तेव्हा शांतता होती. धाकटीचा हात हवेतच थांबला. तिने रॅकेट खाली घेतलं आणि शटल तिच्या खांद्यावरून मागे जाऊन पडलं. रेषेच्या पलीकडे. रेषेवरच्या पंचाने बाहेर म्हणून दोन्ही हात फाकवले.

तिची जोडीदारीण नाचत तिच्या गळ्यात पडली. समोरची उंच मुलगी पंचांशी हुज्जत घालू लागली, कोण ओरडलं, कोण ओरडलं म्हणून. पंचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली. धाकटी मात्र जागची हलली नाही. तिने वळून थेट माझ्याकडे बघितलं. आवाज कुणाचा हे तिला विचारायची गरज नव्हती. ती हसली नाही, रडलीही नाही. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं होतं. वर आईने मांडीखालचे हात काढले होते, ते जोडायला उचलले होते आणि मला बघून तिने ते तसेच हवेत धरले होते.

हातातोंडाशी आलेला घास मी माझ्या हाताने काढून दिला होता, आणि तो एकटीचा नव्हता. तिने मारलं असतं तर नेटमध्ये गेलं असतं. कदाचित नसतंही. पुढचा गुण कुणीही घेतला असता. पण आता यातलं काहीच घडणार नव्हतं.

फिजिओबाई मोजा कापत होत्या. कात्रीचा आवाज तेवढा येत होता.

"बाहेर होतं?" तोफेने विचारलं.

"होतं."

"किती?"

"बोटभर."

पलीकडे लोक टाळ्या वाजवत होते. मग ती अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाली, "मग बरोबर होतं तुझं." आणि थोड्या वेळाने, "सहा वर्षांत माझ्यासाठी एवढ्या जोरात कधी ओरडली नाहीस."

"अगं..." मी म्हटलं.

तिचा पाय माझ्या मांडीवर होता. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिने तो काढून घ्यायला पाहिलं. मांडी ताणली, ओठ दाबले, परत एकदा ताणली. फिजिओबाईंनी कात्री खाली ठेवली आणि तिच्या टाचेवरच्या शिरेला बोट लावून म्हणाल्या, "हलवा बरं पुन्हा."

पाऊल हललं नाही. ते तसंच माझ्या हातात राहिलं.