तापाची वाट

दैवशाला डाव्या हातानं भाकरी धरायची आणि उजव्यानं तोडायची. संक्रांतीपासून तो डावा हात नुसता मांडीवर पडून असतो. सहा वर्षांचं लेकरू माझं. डोक्यात गाठ, तीही चाकू लावता येणार नाही अशा जागी.

परभणीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "गाठीवर औषध आहे, पण ते आत पोचत नाही. मेंदूला जपायला रक्ताच्या नळ्यांचं दाट कुंपण असतं. औषध बाहेरच अडतं. शरीरातल्या लढणाऱ्या पेशी मात्र चिडल्या की कुंपणाला फट पाडून आत घुसतात. म्हणून दंडात सुई देऊन त्यांना चिडवायचं. ताप भरेल, पुरळ उठेल. उतरवू नका, त्याच दिवशी इकडे आणा. फट उघडी आहे तोवर शिरेतून औषध देऊ."

"गुण येईल ना?"

"प्रयोग आहे, बाई. खात्री कुणालाच नाही."

दैवूला सुई टोचून घेऊन आम्ही गावी, झरीला परतलो. आठव्या दिवशी सकाळी दैवूचं अंग तव्यासारखं तापलं. पाठीवर लाल पुरळ. मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. धाकट्याला पाजता पाजता एका हातानं पिशवी भरली.

बाहेर आले तर सासूबाई दाराला लिंबाची डहाळी बांधत होत्या.

"कुठं निघालीस? लेकराच्या अंगावर आईसाहेब आल्यात. आता फोडणी बंद, औषध बंद. पाच दिवस वेस ओलांडायची न्हाई."

"आत्याबाई, ही देवी न्हाई. सुईचा ताप हाय. डॉक्टरनं मुद्दाम आणलाय."

"ऐका! लोकाचे डॉक्टर ताप घालवतेत, हिचा आणायलाय!" मग एकदम त्यांचा आवाज बसला. "माझी लेक कस्तुरा अशीच अंगावर देवी असताना गाडीत घालून नेली होती. वाटंतच गेली. ह्या बारीला मी न्हाई नेऊ देणार."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होते. काटा नव्हताच.

"पाच दिवसांनी जाऊ," हे खालमानेनं म्हणाले. "आईचं मन मोडवत न्हाई."

धाकटा कडेवर, दैवू खांद्यावर, अशी मी वेशीपर्यंत गेले. पलीकडे एसटी उभी दिसत होती. आत्याबाई धावत आल्या आणि माझ्यापुढे मातीत आडव्या पडल्या. छाती वरखाली होत होती. म्हाताऱ्या माणसाला ओलांडून कशी जाऊ? एसटी गेली. दैवू माझ्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "आई, उन्हात नको उभी राहूस."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आत्याबाईंनी हरखून दहीभाताचा नैवेद्य दाखवला.

सहाव्या दिवशी आम्ही परभणीला गेलो. आत्याबाईही सोबत आल्या. डॉक्टरांनी दैवूच्या कपाळाला हात लावला, पाठ उघडी करून पाहिली.

"फट बुजली असणार. पुन्हा सुई देतो. पण पोर खंगलीय. शरीराला चिडायलासुद्धा जोर लागतो. ताप आला तरच औषधाचा उपयोग."

परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. दैवूचा डावा हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता, झरी येईपर्यंत सोडला नाही.

त्या दुसऱ्या सुईला आज बारा दिवस झाले. दैवूला आता टेकू दिल्याशिवाय बसता येत नाही. मी घडीघडीला तिच्या गळ्याला हात लावते. पिशवी भरून खुंटीला टांगलीय.

दुपारी धुणं वाळत घालून आत आले तर आत्याबाई दैवूच्या उशाशी बसलेल्या. दारावर ताजी डहाळी. त्यांचा तळवा लेकराच्या कपाळावर होता.

"ये ग आई," त्या पुटपुटत होत्या. "एकदा ये. आता न्हाई अडवणार."

मी दुसऱ्या बाजूला बसले. त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला.

कपाळ अजून गारच होतं.