एकच कॉलम

वसमतच्या कॉलेजात प्रथिनं शुद्ध करायला निकेलचा कॉलम, म्हणजे निकेलचे कण भरलेली नळी, एकच होता, आणि २००५ साली तो सपना आणि अंजलीच्या वाट्याला एकत्र आला. हैदराबादच्या उन्हाळी प्रशिक्षणाला सपनाची निवड झाली, तेव्हापासून अंजली तिच्याशी बोलायची ती फक्त टोचायला.

"बर्फ आणलास ना? बस. कॉलमला हात लावू नको," अंजली म्हणाली.

सपनाने मासळीवाल्याकडून आणलेला बर्फ ट्रेमध्ये ओतला आणि मागे सरकली. जिवाणू फोडून काढलेला रस अंजलीने कॉलममधून सोडला. हवं ते प्रथिन निकेलला चिकटून राहणार होतं. बाकीचा गाळ सौम्य द्रावणाने धुवायचा आणि मग तीव्र द्रावणाने प्रथिन सोडवून घ्यायचं, एवढंच काम.

धुवायला अंजलीने बाटली उचलली, ती तीव्र द्रावणाची.

सपनाने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. एक शब्द बोलली असती तरी भागलं असतं. ती बोलली नाही. प्रथिन सुटून खालच्या बीकरमध्ये उतरलं आणि अंजलीने ते धुवण समजून बेसिनमध्ये ओतलं. सपनाला वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही.

दुसऱ्या दिवशी प्रथिनं रेघांमध्ये वेगळी करून दाखवणारी जेल रंगवली, तर हव्या जागी रेघच नाही. मोहनसिंग सरांनी ती खिडकीसमोर धरली आणि खाली ठेवली.

"जिवाणूंच्या उरलेल्या पेशी घ्या. पुन्हा रिकामी आली तर दोघी नापास."

सर गेल्यावर अंजलीने विचारलं, "तू पाहिलं होतंस ना?"

"व्हय."

"मग काहून गप्प बसलीस?"

"तुझं वाटोळं व्हावं म्हणून."

"तुझं बी झालं."

"झालं."

या खेपेला अंजली प्रत्येक बाटलीची चिठ्ठी मोठ्याने वाची आणि सपना ती हातात घेऊन पुन्हा वाची. दोघींचा एकमेकींवर तिळमात्र विश्वास नव्हता, म्हणून चूक व्हायला जागाच उरली नाही. जेलवर निळी, ठळक, एकटी रेघ उमटली.

"छान. कॉलम कुणी चालवला?" सरांनी विचारलं.

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.