भिंतीला फुटलेलं रक्त

"भिंतीला रक्त फुटलंय," कुणीतरी म्हणालं आणि आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या त्या जुन्या चर्चमध्ये सहलीला आलेले आमचे पंचवीस मराठी लोक हात जोडून उभे राहिले. त्यातले निम्मे लिक्सलिपच्या चिप कारखान्यातले इंजिनिअर. धुळीचा एक कण दिसला तर अख्खी बॅच फेकून देणारी माणसं, इथे डोळे मिटून उभी.

मी स्नेहलता, इथल्याच एका सरकारी रुग्णालयात भूल देते. त्या दिवशी माझ्याआधीच कुणीतरी सगळ्यांना भूल देऊन मोकळं झालं होतं. गाडी लावून आत आले, तर पांढऱ्या भिंतीवर उल्काच्या पंजांचे लालभडक ठसे, आणि तिचा नवरा रणजित तिला कमरेच्या पट्ट्यानं झोडपत होता.

उल्काचे वडील मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरात गेले. क्वारंटाइनच्या भानगडीत तिला जाता आलं नाही, अंत्यसंस्कार तिनं फोनवर पाहिले. तेव्हापासून झोप नाही, बसल्याजागी किंचाळायची. मी दोनदा सांगितलं, डॉक्टरकडे ने. रणजितनं नेलं गिरीशबापूंकडे. हा बापू काल-परवापर्यंत शॅननला सॉफ्टवेअर तपासायचा, लॉकडाऊनमध्ये झूमवर त्याला साक्षात्कार झाला.

"आठशे वर्षांच्या दगडाची कंपनं आहेत ही," बापू सांगत होता. "बापाचा आत्मा हिच्यात बसलाय. पवित्र भिंतीला शिवला की रक्त ओकतो. रणजित, थांबू नकोस. तिला लागत नाही, आत बसलाय त्याला लागतं."

पट्ट्याचं बक्कल तिच्या भुवईवर बसलं. ती भिंतीवर आदळली, कपाळ घासत खाली आली.

"रणजित, नको ना," ती म्हणाली, "बाबांना लागतंय."

माझं डोकंच सटकलं. मी मध्ये घुसले. पुढचा फटका माझ्या मनगटावर आला, तसा मी पट्टा धरला आणि हिसकून घेतला. रणजित बघतच राहिला. त्याला बहुतेक वाटलं होतं की कुणी कधी मध्ये पडणारच नाही.

उल्काचे हात बघितले. रेषारेषांत हळद.

"हे काय लावलंत हिला?"

"अभिमंत्रित हळद, मॅडम. रक्षणासाठी."

"आणि ती दोरी कुणी सोडली?"

भिंतीपुढची दोरी जमिनीवर पडली होती, तिच्यावर पाटी: चुन्याची ताजी सफेदी, हात लावू नये. भिंत अजून ओलसर होती. अहो, हळदीत चुना पडला की लाल होतं. दृष्ट काढायला आपल्या आया ताटात तेच पाणी करायच्या, पंचविसांतल्या प्रत्येकाच्या घरी. तेच चर्चच्या भिंतीवर दिसल्यावर एकालाही ओळखू आलं नाही.

बापूची बोटंही पिवळीच होती. मी त्याचं मनगट पिरगाळलं आणि पंजा भिंतीवर दाबला, जरा जास्तच जोरात. तो कळवळला.

"तुम्हाला लागलं, की आत बसलाय त्याला?" मी विचारलं.

हात उचलला. खाली लाल पंजा. सहलीतली सरिता गरम चिप्सचा पुडा धरून उभी होती; इथे त्यावर व्हिनेगर शिंपडून खातात. तिच्याकडून व्हिनेगरची पुडी घेऊन मी बापूच्या लाल तळव्यावर ओतलं. तळवा पुन्हा पिवळा झाला.

"रक्त असं पिवळं होतं का हो?"

बापू "ऊर्जेची उलटी दिशा" वगैरे पुटपुटला, पण गर्दी आता त्याच्याकडे बघत नव्हती. सगळे भिंतीच्या पायथ्याशी बघत होते. उल्काची भुवई टेकली होती तिथला डाग हळूहळू काळपट होत होता. त्या भिंतीवर खरं रक्त तेवढंच होतं.

गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, मी स्वतः फोन केला. रणजित म्हणाला, "ताई, घरातली गोष्ट आहे." मी म्हटलं, "आता नाही राहिली."

भुवईला चार टाके पडले. मग उल्का माझा हात धरून हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे बाबांना लागलं नाही ना?"

"नाही गं. जे लागलं, ते तुलाच लागलं."

तेव्हा ती रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, वडिलांसाठी.

माझं एवढंच म्हणणं आहे. समोर कुणी मार खात असेल आणि कुणी सांगत असेल की तिला लागत नाही, तर चमत्कार बघत उभे राहू नका. आधी पट्टा हिसकून घ्या. भिंत लाल कशानं झाली, ते मग सावकाश शोधू.