तुलनेची तुकडी

सरांनी पेन्सिल तक्त्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही रकान्यांवरून हळूहळू खाली आणली. शेवटच्या ओळीशी ती थांबली. मग त्यांनी चष्मा काढला.

"फरक कुठे आहे?"

फरक नव्हता, हे बाईंनाही दिसत होतं. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता त्या विद्यापीठात, सरांच्या मार्गदर्शनाखाली, इंग्रजीच्या अध्यापनावरच पीएच.डी. करत होत्या. एका तुकडीला गप्पांतून, चित्रांतून, बोलतं करून शिकवायचं. दुसरीला जुन्या रीतीनं: धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, उत्तरं उतरवून द्यायची. शेवटी दोन्हींची एकच चाचणी. पहिली पुढे गेली की प्रबंध उभा राहिला. पण दोन्ही तुकड्या हातात हात घालून आल्यासारख्या आल्या होत्या.

"तुम्ही दुसऱ्या तुकडीलाही शिकवलंत," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगावं, तसं ते बोलले.

बाईंनी मान्य केलं. वाचताना एखादं मूल गोंधळलेलं दिसलं की पुस्तक मिटून त्या त्याच्याशी बोलायलाच लागत. समोरून हुंकार मिळाला की गळा आपोआप मोकळा होई. मग थांबणं त्यांच्या हातात राहत नसे.

मुदतवाढ आता मिळणार नव्हती. एकच वर्ष आहे, नव्या मुलांवर पुन्हा प्रयोग करा, आणि दुसरी, तुलनेची तुकडी तुलनेचीच राहू द्या, असं सरांनी समजावून सांगितलं. बाई निघाल्या तेव्हा चहा घेऊन जा म्हणाले. तसे ते भले गृहस्थ होते.

विभागाच्या खोलीत बाकीचे संशोधक डबे उघडून बसले होते. त्यांतल्या सगळ्यांत जुन्याला 'आजोबा' म्हणत. विभागप्रमुख आले, निवृत्त झाले, यांचा प्रबंध आपला चालूच. बाईंनी झालेलं सांगितलं, तर कुणालाच नवल वाटलं नाही. प्रत्येकाची अशी एक तुकडी होती. एकीनं तर आपल्या तुकडीला मुद्दाम शेवटचा तास दिला होता, पोरं पेंगतात म्हणून.

"खुर्ची सोडायची नाही," आजोबा डब्याचं झाकण लावत म्हणाले. "उभ्या राहिलात की तुम्ही शिकवणार. दुसरी तुकडी जरा बसली, तरच पहिली उभी दिसते."

सगळे हसले. बाईही हसल्या.

नव्या वर्षी दिराची मुलगी नेमकी तुलनेच्या तुकडीत आली. एकाच घरातली, दिवसभर काकूच्या मागेमागे, तोंडाला कुलूप म्हणून नाही. तिची तुकडी बदलून घ्यावी असं बाईंच्या मनात आलं. मग वाटलं, तिच्या जागी येईल ते मूलही कुणाच्या तरी घरचंच असणार. त्यांनी तो विषय काढलाच नाही.

त्या बसून शिकवू लागल्या. सुरुवातीला टेबलाची कड घट्ट धरून ठेवावी लागे. कुणी हात वर केला की म्हणायचं, नंतर. होता होता हात वर येईनासे झाले. याचं वाईट वाटायला हवं, एवढं बाईंना कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. त्या पान उलटत आणि पुढचं वाचत.

एका संध्याकाळी घरी काकू-पुतणी शेंगा निवडत बसल्या होत्या.

"काकू, तू आमच्या वर्गावर रागावलीयस का?"

"नाही गं. का?"

"त्या वर्गात तू हसतेस. भिंतीपलीकडून ऐकू येतं."

बाईंनी एका शेंगेची शीर ओढून काढली. तुमचं शिकवणं वेगळं आहे, एवढंच म्हणाल्या. पोरीनं मान डोलावली. पुढे तिनं कधी काही विचारलं नाही.

चाचणी झाली. आकडे पाहून सर उठूनच उभे राहिले. त्यांनी शेजारच्या खोलीतून सगळ्यांना बोलावलं. आजोबांनी बाईंना थट्टेनं वाकून नमस्कार केला, पण डोळ्यांत थट्टा नव्हती. इतका स्वच्छ फरक या विभागात पाहिलेला नाही, असं सर दोनदा म्हणाले. सगळे पांगल्यावर बाईंनी विचारलं, आता त्या तुकडीला माझ्या पद्धतीनं शिकवलं तर चालेल का?

"आता काय हरकत?" सर म्हणाले. "आता ती मुलं तुमचीच."

सत्र संपायला थोडे दिवस उरले होते. बाई वर्गात शिरल्या त्या चित्राची गुंडाळी घेऊन. बाकं गोल लावायला सांगितली. मुलांनी आवाज न करता लावली. फळ्यावर चित्र टांगलं: उघडं दार, पायरीवर सांडलेली भाजीची पिशवी, आणि माणूस कुणीच नाही. पलीकडच्या तुकडीत याच चित्रावरून भांडणं झाली होती. बाईंनी इंग्रजीत विचारलं, काय झालं असेल इथे? मग मराठीत म्हणाल्या, चुकलं तरी चालेल, मनात येईल ते बोला.

मुलांनी वह्या उघडल्या. पेनांची टोपणं निघाली. कुणी चित्राकडे पाहत नव्हतं. सगळे बाईंकडे पाहत होते.

बऱ्याच वेळानं पुतणीचा हात वर आला. बाई चटकन तिच्याकडे वळल्या.

"बोल, बोल."

ती उठून उभी राहिली.

"बाई, उत्तर मोठं आहे का? किती ओळी सोडू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीतीही नव्हती. बाकीच्यांनीही पेन उचलून धरलं होतं. बाईंनी एकदा चित्राकडे पाहिलं.

"चार," त्या म्हणाल्या.