भीमसेनअण्णांचे लाल ठिपके

माझं गणित चुकत नाही, ही माझी जुनी घमेंड. ती माझ्या भाचीनं, अमृतानं, दोन मिनिटांत उतरवली.

अमृता बंगळुरात कोरमंगलाच्या एका कंपनीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारी डिझाइन करते. निवृत्त मावशीला खूश करावं म्हणून तिनं माझ्या अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या मोटारीची मापं कॉम्प्युटरवर चढवली. कायमच्या चुंबकांची ती आमच्या प्रयोगशाळेतली पहिली मोटार. तिची सगळी आकडेमोड मी कागदावर केली होती. मी ऐटीत चहा पीत बघत बसले.

"मावशी, पूर्ण लोडवर चुंबक तापतात आणि प्रत्येकाचा कोपरा कायमचा कमजोर होतो," ती म्हणाली. पडद्यावर सगळे कोपरे लाल झाले होते. "तू अख्ख्या चुंबकाची सरासरी धरलीस. ती बरोबर आहे गं, पण कोपरे टिकत नाहीत."

माझा चहा तसाच राहिला. ती मोटार चाचणीत तिसऱ्या तासाला ढेपाळली होती, आणि त्याचं खापर मी भीमसेनअण्णांवर फोडलं होतं.

अण्णा आमच्या मोटारी जोडायचे. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड. प्रत्येक चुंबक मीटरवर तपासून ते उत्तर ध्रुवाच्या बाजूला बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. "वसूला कळलं तर घरात घ्यायची नाही," म्हणून हसायचे. जोडलेली मोटार बोटांनी फिरवून म्हणायचे, "बघा अक्का, कशी लोण्यासारखी फिरते." वार्निशचा वास, डब्यातला त्यांचा चित्रान्न नावाचा लिंबूभात, आमची भांडणं. फार सुखाचे दिवस होते ते, आणि मीच ते मोडले. 'जोडणीत कमजोर चुंबक मिसळले गेले,' असं मी अहवालात लिहिलं. अण्णांची बदली भांडारात झाली. ते चकार शब्द बोलले नाहीत, आणि मी त्यालाच कबुली समजले.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मेट्रो पकडून मी मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेले.

दार वसुमतींनी उघडलं. टेबलावर बिघडलेला मिक्सर पिशवीत भरून ठेवला होता. "दुकानात द्यायचाय," त्या म्हणाल्या. "हे घरातलं काही उघडत नाहीत हो. भांडारात गेले तेव्हापासून पान्याला हात लावला नाही."

मी बसलेसुद्धा नाही. "अण्णा, चुंबक चांगले होते. माझं डिझाइन चुकलं होतं."

ते खुर्चीत पुढं सरकले. "सगळे चांगले होते?"

"सगळे."

"शेवटचे चार मी स्वल्प घाईत तपासले होते, अक्का. मला वाटायचं, त्यांतलाच एखादा..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या गणितावर माझ्यापेक्षा त्यांचा जास्त विश्वास होता, म्हणून ते गप्प राहिले होते.

"अठ्ठावीस वर्षं!" त्यांचा आवाज चढला. "अठ्ठावीस वर्षं मी माझ्या हातांना शिव्या घातल्या, अक्का!"

मला रडू आवरेना. मी माफी मागितली. 'असू दे' असं ते म्हणाले नाहीत, आणि ते योग्यच होतं. वसुमतींनी आणलेली कॉफी निवून गेली.

मग अण्णांनी स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले. "वसू, तो मिक्सर आण इकडं. आणि स्क्रूड्रायव्हर."

त्यांनी मिक्सर पालथा घातला. पहिला स्क्रू काढायला वेळ लागला, दुसऱ्याला नाही. निघालेले स्क्रू ते माझ्या हातात देत गेले. आतल्या वायरी दिसल्या तसे थांबले.

"कुठली कुठं होती ते विसरायला नको. वसू, तुझं नेलपॉलिश आहे का गं?"

वसुमती कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे तेव्हा माझ्या बाटल्या तुम्हीच संपवत होता!" असं म्हणाल्या आणि डोळे पुसत बाटली आणायला आत गेल्या.