एकशे एकोणपन्नास

"एका मार्कानं. फक्त एका," दौलतने चहाचा कप बुधीपुढे ठेवत सांगितलं आणि पुजारी मूर्तीकडे हात करतो तसा माझ्याकडे हात केला.

बुधी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या शेजारी तिची मुलगी रिया बसली होती, मांडीवर निकालाचा कागद. दोघी सकाळी तलासरीहून जीपने आल्या होत्या.

दौलत आमच्या ऑफिसचा शिपाई. डहाणू स्टेशनसमोरच्या या पहिल्या मजल्यावर मी नोकरीला लागले तेव्हापासून तो आहे आणि माझी गोष्ट तो माझ्यापेक्षा चांगली सांगतो. सीए इंटरच्या दुसऱ्या ग्रुपला तीन पेपर, पास व्हायला मिळून दीडशे लागतात. योगिताताईंना पडले एकशे एकोणपन्नास. अर्ज केला असता तर बेरीज परत तपासून मिळाली असती. पण त्यांचे वडील वाणगावचे चिकूवाले. काट्यावरून उतरलेली करंडी परत चढवायची नाही, असा त्यांचा नेम. व्यापाऱ्याने वजन एकदा बोललं की बोललं. मग पोरीचे मार्क तरी परत कसे चढवणार? इथे दौलत थोडा थांबतो. "तर अशी डहाणूची एक सीए गेली," तो म्हणतो आणि रिकामे कप उचलतो.

ऐकणारा हळहळतो. मी फाइलमध्ये मान घालते. चोवीस वर्षं हे असंच चाललं आहे. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. गावात मला 'सीए मॅडम' म्हणतात. बोर्डावर नाव हितेशभाईंचं. रिटर्न मी तयार करते आणि जिथे त्यांची सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवते. आतापर्यंत किती चिठ्ठ्या चिकटवल्या असतील, त्यात आमची वाडी झाकून गेली असती. हितेशभाई स्वतः सहाव्या खेपेला पास झाले. ते कोणी सांगत नाही. पास झालेल्याला कोणी आकडा विचारत नाही.

रियाचा आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस. पहिला ग्रुप तिने मागच्या वर्षीच काढला होता. दोन वर्षं ती दर शनिवारी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर वही ठेवून शंका विचारायची. कॉस्टिंग मला अजून येतं, ते तिच्यामुळे कळलं. दुसरा ग्रुप निघाला की हितेशभाई तिला इथेच आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला, घेणार होते. निकाल लागला जुलैच्या सुरुवातीला आणि त्यानंतर बाई गायब. फोन केला की "मॅडम, बघते" म्हणायची.

आज आली ती पेढे घेऊन. उंबरगावच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात तिला ऑफिसात नोकरी लागली होती. पंधरा तारखेपासून जायचं होतं. बुधी अंगणवाडीत मदतनीस आहे. कारखान्याची बस थेट पाड्याच्या फाट्यावर येते, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मी पेढा घेतला आणि विचारलं, बेरीज परत तपासायला अर्ज केलास का? रियाने नाही म्हणून मान हलवली. निकालापासून महिन्याची मुदत असते. मी कॅलेंडर बघितलं. मुदत आज रात्री संपत होती.

"राहू दे ना, मॅडम," ती म्हणाली.

मी समजावलं. पेपर नव्याने तपासत नाहीत, फक्त एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का बघतात आणि बेरीज परत करतात. फी फार नाही, मी भरते. दहा मिनिटांचं काम. ती कागदाची घडी घालत राहिली. घडीवर घडी, इतकी बारीक की शेवटी कागद घडी घेईना.

"माना काय कळतं यातलं," बुधी म्हणाली. "पण पाड्यात सगल्यांना ठाव झालंय, बुधीची पोर दोन मार्कांनी ऱ्हेली. सरपंच घरी येऊन गेला. बोलला, दोन म्हंजे झालीच की."

"झालीच," दौलत म्हणाला. "आमच्या ताईंसारखं."

हे तो कौतुकाने म्हणाला. रियाही हसली, पहिल्यांदाच. मग तिने मला हळूच विचारलं, "आणि अर्ज केला नि तेवढेच आले तर? आता मी दोन मार्कांनी राहिली आहे. मग मी नुसती नापास."

माझ्या हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचं पाकीट होतं. ते मी खाली ठेवलं. हे वाक्य माझं होतं. एवढ्या वर्षांत मी ते कोणापाशी बोलले नव्हते आणि या पोरीने ते माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर, वापरायला काढलं होतं.

दौलतला खाली पाठवावं असं क्षणभर वाटलं. पण मग गोष्ट अर्धीच बदलली असती. मी त्याला म्हटलं, बस जरा. तो स्टुलावर बसला.

"माझ्या वडिलांनी नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

म्हणजे, आधी म्हटलं होतं. पहिले काही दिवस ते नेमाचंच बोलत होते. मी अबोला धरला आणि जेवणात फक्त तूप सोडलं. सगळं जेवण सोडण्याइतकी मी कधी कडक नव्हते. मग एक दिवस बाबा तोडणी सोडून बसने डहाणूला गेले, बँकेत रांग लावून शंभर रुपयांचा ड्राफ्ट काढला आणि घरी येऊन माझ्या पुस्तकावर ठेवला. त्यांच्या बोटांना चिकूचा चीक होता. ड्राफ्टच्या कोपऱ्यावर त्याचा डाग पडला होता. "तुझ्यासाठी चढवतो. एकदाच," एवढंच बोलले.

मी अर्ज लिहिला. पाकिटात घातला, तिकिटं लावली. पोस्टापर्यंत गेले. पेटीपाशी उभी राहिले, आणि परत आले.

"का?" रियाने विचारलं.

"तू आत्ता म्हणालीस तेच."

पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं होतं. वाटलं, उत्तर येईल: बदल नाही. मग मी कोण? पाकीट पिशवीत असेपर्यंत मी एका मार्काने राहिलेली होते. आमच्या आळीत तोवर कुठलीच मुलगी इतक्या जवळ गेली नव्हती. आत्या पाहुण्यांना सांगायची. पुन्हा परीक्षेला बसले नाही तेही त्यासाठीच. पुन्हा बसले आणि एकशे वीस पडले असते तर तो एक मार्क कोणी मानला नसता. मला वाटलं, एकशे एकोणपन्नास सांभाळून ठेवावेत. पुढे अभ्यासक्रम बदलला, लग्न झालं, हे नेहमीचं. दोष द्यायला ते बरं पडतं.

दोन महिन्यांनी बाबांनी विचारलं होतं, उत्तर आलं का. मी म्हटलं, आलं. काही बदल नाही. ते ओटीवर बसून चिकू निवडत होते. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून परत चढवत नाहीत. माणसाचं मन मोडतं."

ते होते तोवर मी लोकांना फक्त एका मार्काचं सांगायची. ते गेल्यावर गोष्टीत त्यांचा काटा आला. कसा आला ते मला नेमकं आठवत नाही. एकदा कोणीतरी विचारलं, मग तपासून का नाही घेतलं, आणि तोंडातून निघून गेलं. ज्या माणसाने आयुष्यात एकदा नेम मोडला, तो माझ्यासाठी, त्यालाच मी नेमाचा हट्टी करून गावभर फिरवलं.

"मी नापास झाले होते, रिया. एकशे एकोणपन्नास म्हणजे नापास. कदाचित बेरीज चुकली असेल, कदाचित नसेल. ते मला आता कधीच कळणार नाही. तुला दीड-दोन महिन्यांत कळेल."

बुधीने सगळं ऐकलं होतं. तिने चहा संपवला, कप जमिनीवर ठेवला आणि लेकीला म्हणाली, "कर ते काय आहे ते. जीप चारची आहे."

रियाने माझा कॉम्प्युटर स्वतःकडे वळवून घेतला. फी तिनेच फोनवरून भरली, मला भरू दिली नाही. दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्या दोघी गेल्यावर दौलत बराच वेळ कप विसळत होता. तीनच कप होते. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "चोवीस वर्षं सांगतोय मी लोकांना."

"माहीत आहे."

"तुम्ही मला तरी सांगायचं होतं, ताई." त्याने माझ्या टेबलावरचा उरलेला पेढा उचलला आणि न विचारता खाल्ला. त्यानंतर त्याने ती गोष्ट कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही. माझी गोष्ट ऐकून हळहळणारं ऑफिसात कोणी उरलं नाही. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं.

उत्तर सप्टेंबरअखेर आलं. रिया शनिवारी कारखान्यातून थेट आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने फोन माझ्यापुढे धरला. बदल नाही. एकशे अठ्ठेचाळीस.

मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, भूक नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली, खाली रिक्षावाले भांडत होते ते बघत. रडली असावी. मी पाठीमागून तिचे खांदे पाहिले आणि मनात आलं की बाबांचं खरं होतं, उगीच चढवायला लावलं मी. दौलत पाण्याचा ग्लास घेऊन आत आला, तिच्याकडे पाहून तसाच परत गेला.

मग ती वळली. "जानेवारीच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो, मॅडम?"

"नोव्हेंबरात."

"वापी सेंटर टाकेन. उंबरगावहून जवळ पडतं." तिने पिशवीतून वही काढली आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावरच्या फाइली बाजूला सारल्या. "प्रोसेस कॉस्टिंगमधलं एक अडलंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. वाणगावला भावाकडे गेले होते. वाडी आता तुषार बघतो. करंड्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आलेत, तराजूच्या जागी लाल आकड्यांचा काटा. व्यापाऱ्याचा माणूस एकेक क्रेट ठेवत होता, वजन बोलत होता, तुषार लिहीत होता. मी ओटीवर बसले होते, बाबा बसायचे त्याच जागी.

"बावीस चारशे," तो माणूस म्हणाला आणि क्रेट उतरवला.

"परत चढवा," मी म्हटलं.

तो थांबला. तुषारने पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "ताई, अगं काय? बाबांनी कधी..."

"चढवलं होतं त्यांनी. एकदा."

तुषारला काही कळलं नाही. त्या माणसाने खांदे उडवले, क्रेट उचलून पुन्हा काट्यावर ठेवला. आकडे थोडे हलले, मग स्थिर झाले. बावीस चारशे.

"तेवढंच आहे, बेन," तो म्हणाला. रागावला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "तेवढंच."

त्याने क्रेट उचलून टेम्पोत ठेवला, आणि काटा शून्यावर आला.